बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील घरगुती सामानाचे आणि बेवारस मालाचे लिलाव: माहिती कुठे मिळते?

टिळकवाडीकर यांनी लिहिले:

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यात घरगुती सामानाचे लिलाव कुठे होतात आणि त्यांची खबर वेळेवर कशी लागते, याची माहिती एका ठिकाणी यावी म्हणून हा धागा काढत आहे. जांबोटीच्या बाजूला आमचे वडिलोपार्जित घर आहे. ते दुरुस्त करून पर्यटकांना राहण्यासाठी देण्याचा विचार आहे आणि त्यासाठी सागवानी कपाटे, पलंग, जेवणाची लांब टेबले, पितळी घंगाळी, पाण्याचे हंडे असे बरेच सामान लागणार आहे. हे सगळे नवे घ्यायचे म्हटले तर अंदाजपत्रक कोलमडते, आणि प्लायवूडच्या कपाटांनी त्या घराची रयाच जाईल.

परदेशात भाड्याने दिलेल्या साठवणखोलीचे भाडे थकले, की खोलीचा मालक कुलूप तोडतो, लोकांना दारातूनच आत डोकावू देतो आणि आत काय आहे याचा पुरता अंदाज नसतानाही बोली लागते, अशी चित्रणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. आपल्याकडे बेळगावात उद्यमबागेत आणि ऑटोनगरात गोदामे आहेत, सामान हलवणारे व्यावसायिकही लोकांचे संसार महिनोन्महिने ठेवून घेतात. त्यांपैकी जे सामान न्यायला कोणी येत नाही, त्याचे पुढे काय होते? त्याचा लिलाव होतो का, होत असल्यास त्याची जाहिरात कुठे येते, आणि माझ्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाला तिथे उभे राहू देतात की ठरलेले भंगारवालेच आपसात वाटून घेतात? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दिवाणी_दावा यांनी लिहिले:

आपण पाहिलेली चित्रणे बहुतेक अमेरिकेतली असणार. तिथे जवळजवळ प्रत्येक राज्यात साठवणखोल्यांसाठी वेगळा कायदा आहे आणि भाडे थकल्यावर ठरलेल्या नोटिसा दिल्या, की खोलीमालकाला न्यायालयाची पायरी न चढता आतले सामान विकता येते. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे तसे लिलावही नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० मालावर कष्ट किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला, म्हणजे शिंप्याला किंवा यंत्र दुरुस्त करणाऱ्याला, मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू देते, पण ती विकू देत नाही. कलम १७१ चा व्यापक धारणाधिकार, म्हणजे कोणत्याही थकबाकीसाठी माल अडवून ठेवण्याचा हक्क, बँका, अडते, बंदरावरचे धक्केवाले अशा मोजक्यांनाच आहे. इतरांना तो हवा असेल तर करारात तसे स्पष्ट लिहून घ्यावे लागते. वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्याला मात्र कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊन ती विकता येते. साध्या गोदामवाल्याला यांतले काहीच आपोआप मिळत नाही. २००७ चा गोदामविषयक केंद्रीय कायदा आहे, परंतु त्याचा रोख मुख्यतः नोंदणीकृत गोदामांतील शेतमालाकडे आणि त्याच्या पावत्यांकडे आहे, कोणाच्या सोफ्याकडे नव्हे.

घरमालकाचेही तेच. भाडेकरू कुलूप घालून परागंदा झाला, तरी कुलूप तोडून त्याचा संसार विकण्याचा हक्क घरमालकाला मिळत नाही. त्याने न्यायालयामार्फत ताबा घ्यावा आणि आत सापडेल त्याचा पंचनामा व्हावा, हाच मार्ग आहे.

हे इतके लांबवून सांगण्याचे कारण असे, की धोका विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही असतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २७ प्रमाणे विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे, तितकाच आपल्याकडे येतो. त्याच्याकडे काहीच नसेल तर आपल्याकडेही काही येत नाही. एखाद्या गोदामवाल्याने "तीन वर्षे कोणी आले नाही, घेऊन जा" म्हणून कपाट स्वस्तात दिले आणि पुढच्या वर्षी मूळ मालक उगवला, तर कपाटही जाते आणि पैसेही अडकतात. माल चोरीचा निघाला आणि तो चोरीचा असल्याची आपल्याला कल्पना होती असे दिसले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहेच.

म्हणून शोधाची सुरुवात जाहिरातींपासून न करता, विकण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिला आहे, येथून करावी. दिवाणी न्यायालय, बँका, सहकारी संस्थांचे विक्री अधिकारी, रेल्वे, बंदरे आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पोलीस, एवढी मंडळी या पट्ट्यात आणि जवळपास खरोखर लिलाव करतात, आणि प्रत्येकाला जाहिरात कुठे करायची याचे बंधन असते. ते बंधन माहीत झाले, की खबर आपोआप आपल्यापर्यंत येते.

जाता जाता बँकेच्या लॉकरविषयी लिहितो, कारण त्याबद्दल फार अफवा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनांप्रमाणे सलग तीन वर्षे भाडे थकले, किंवा सात वर्षे लॉकर वापरलाच गेला नाही आणि ग्राहकाचा ठावठिकाणा लागत नाही, तर बँकेला लॉकर फोडता येतो. पण भाडे थकलेल्या लॉकरमधल्या वस्तूंची साक्षीदारांसमोर यादी करून त्या मोहोरबंद ठेवायच्या असतात, आणि सात वर्षांच्या प्रकरणातही त्या वारसांना देणे किंवा त्यांची पारदर्शक विल्हेवाट लावणे एवढेच बँकेला करता येते. "बेवारस लॉकरचा लिलाव आहे" असे कोणी सांगत आले, तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

शहापूरवाली यांनी लिहिले:

टिळकवाडीकर दादा, वरील कायदा योग्यच आहे, पण आपल्याला जे सामान हवे आहे ते न्यायालयाच्या आवारात क्वचितच येते. सागवानी कपाटे आणि घंगाळी शहापूर, वडगाव, कॅम्प आणि आपल्याच टिळकवाडीतल्या घरांत आहेत. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी स्थायिक झालेली असतात, आई-वडील गेल्यावर वाडा बिल्डरला द्यायचे ठरते आणि करारात घर रिकामे करून देण्याची तारीख घातलेली असते. त्या तारखेच्या आधीचा महिना हाच आपला मोसम असतो. आधी भाऊ-बहिणी जमून वाटणी करतात आणि एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल तर घरातल्या घरातही बोली लागते. उरलेले सामान मग उक्ते, म्हणजे सगळे मिळून एका रकमेला, जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला जाते. त्याच्या आधी आपण पोहोचलो तर हवी ती वस्तू निवडून घेता येते. नंतर पोहोचलो तर तीच वस्तू दुकानात दुपटीने मिळते.

ही खबर वर्तमानपत्रात येत नाही. ती घरे पाडण्याचे ठेके घेणारे, जुने फर्निचर दुरुस्त करणारे सुतार, कल्हईवाले आणि सामान हलवणाऱ्यांचे टेम्पोचालक यांच्याकडे असते. त्यांच्यापैकी दोघा-चौघांना आपल्याला काय हवे आहे ते सांगून ठेवावे आणि सौदा झाला की त्यांचा वाटा न मागता द्यावा. निधनवार्ता वाचून घरी जाणारेही काही असतात. ते मला पटत नाही आणि त्याने बेळगावसारख्या गावात नाव खराब होते ते वेगळेच.

पारखण्याविषयी लिहिते. पितळ वजनावर विकले जाते आणि घरची मंडळी सहसा भांड्यांच्या दुकानात विचारून मोडीचा भाव काढून ठेवतात. त्याच्या थोडे वर दिले तर तीही खूश आणि आपणही, कारण नवे घंगाळ त्या भावात मिळणारच नाही. भांडे उलटे करून तळाला डाग, म्हणजे जोड, दिला आहे का ते बघावे, आत पाणी भरून थोडा वेळ ठेवावे. जुन्या भांड्यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव, गाव, कधी लग्नाचे साल कोरलेले असते. ते घासून टाकण्याचा आग्रह विकणारा करू लागला, तर भांडे त्या घरचे नाही असे समजावे.

कपाटाला बाहेरून पॉलिश चढवलेले असते, तेव्हा खण पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ आणि मागची फळी बघावी. तिथे पॉलिश नसते आणि लाकूड साग आहे, शिसव आहे की मत्ती, हे सुतार एका नजरेत सांगतो. खणाच्या खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे. जांबोटीच्या पावसात ते कपाट दोन वर्षांत घरातल्या तुळयांनाही लागेल, म्हणून फुकट मिळाले तरी घेऊ नका.

टिळकवाडीकर यांनी लिहिले:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताईंनी सांगितलेला मार्ग कपाटांसाठी धरतो. मात्र फ्रीज, मोठी शेगडी, पिठाची गिरणी, इन्व्हर्टर अशा वस्तूही हव्या आहेत आणि त्या वाड्यांत मिळणार नाहीत. सहकारी संस्थांचे विक्री अधिकारी असा उल्लेख वर आला आहे, त्याविषयी कोणी अधिक लिहील का? आमच्या भागात पतसंस्था आणि सोसायट्या गल्लोगल्ली आहेत.

चिकोडी_रोड यांनी लिहिले:

मी सहकार क्षेत्रात काम करतो, म्हणून संस्थेचे नाव न घेता पद्धत सांगतो. कर्नाटकात १९५९ च्या सहकारी संस्था कायद्याखाली थकबाकीदाराविरुद्ध निवाडा झाला, की विक्री अधिकारी वसुलीसाठी जप्ती आणि लिलाव करतो. काही संस्था १९९७ च्या सौहार्द कायद्याखालच्या, म्हणजे कर्नाटकाच्या दुसऱ्या सहकार कायद्याखालच्या आहेत, काही बहुराज्य, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या आहेत आणि त्यांची पद्धत थोडी वेगळी आहे. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फरक एवढाच, की नोटिशीवर कोणाची सही आहे ते वाचावे. ती अधिकृत अधिकाऱ्याची असावी. "व्यवस्थापक" एवढीच सही असेल तर अधिक चौकशी करावी.

नोटीस संस्थेच्या फलकावर, ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर आणि पुष्कळदा स्थानिक वर्तमानपत्रात येते. ती कन्नडमध्ये असते, कधी सोबत मराठी असते. फलकावर "हराजु", म्हणजे लिलाव, हा शब्द दिसला, की थांबून तारीख, वेळ आणि जागा टिपून घ्यावी. कन्नड वाचता येत नसेल तर फलकाचे छायाचित्र काढून कोणाकडून तरी वाचून घ्यावे. आपल्यातले अनेक जण आयुष्यभर कन्नड बोलतात, पण वाचायचा कंटाळा करतात आणि त्यामुळेच या लिलावांना मराठी गिऱ्हाईक कमी दिसते, असे माझे मत आहे.

लिलावात येणाऱ्या वस्तू बहुधा कर्जावर घेतलेल्याच असतात: पिठाची गिरणी, शिलाई यंत्रे, फ्रीज, उसाच्या रसाचा चरक, झेरॉक्स यंत्र, दुचाकी. बंद पडलेल्या खानावळीचे सामान आले तर ते आपल्या कामाचे. मोठ्या शेगड्या, स्टीलची टेबले, इडलीपात्रे एकाच ठिकाणी मिळतात. लिलावापूर्वी सामान पाहण्यासाठी एक दिवस ठेवलेला असतो. त्या दिवशी वायरमन किंवा गॅस दुरुस्तीवाला सोबत न्यावा, कारण विक्री "जसे आहे, जेथे आहे" या तत्त्वावर होते आणि नंतर तक्रारीला जागा राहत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. जाहीर झालेल्या लिलावांपैकी बरेच आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी रद्द होतात, कारण सामानाला हात लागणार म्हटल्यावर कर्जदार कुठून तरी पैसे आणून भरतो. लिलावाचा खरा उपयोगही तोच आहे. तेव्हा गोकाकहून किंवा अथणीहून टेम्पो घेऊन निघण्यापूर्वी सकाळी दूरध्वनी करून लिलाव आहे याची खात्री करावी.

हातोडा यांनी लिहिले:

दिवाणी न्यायालयातील लिलाव मी अनेकदा पाहिले आहेत, त्यावर लिहितो. दाव्यात हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकाल, झाला आणि हरलेल्या पक्षाने पैसे भरले नाहीत, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे त्याची जंगम मालमत्ता जप्त होऊन विकली जाते. विक्रीचा जाहीरनामा न्यायालयाच्या इमारतीवर लावल्यापासून जंगम वस्तूंसाठी किमान ७ दिवस आणि स्थावरासाठी किमान १५ दिवस थांबावे लागते. म्हणजे आठवड्यातून एकदा चन्नम्मा चौकाजवळच्या न्यायालय संकुलात, किंवा आपल्या तालुक्याच्या न्यायालयात, फलक वाचण्याची सवय ठेवली तर जंगम लिलाव सहसा निसटत नाही. जाहीरनामा पूर्वी दवंडी पिटून सांगत आणि कायद्यात ती तरतूद अजून आहे.

संसारोपयोगी सामान इथे कमी का येते, तेही सांगतो. त्याच संहितेचे कलम ६० सांगते, की देणेकऱ्याचे आणि त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची औतेही सुटतात. उरतात ते दूरदर्शन संच, सोफे, कार्यालयातील खुर्च्या, संगणक, दुकानातील माल. घंगाळ शोधत न्यायालयात जाऊ नये, पण लोखंडी कपाटे, टेबले आणि तिजोऱ्या इथे चांगल्या मिळतात.

प्रत्यक्षात होते ते असे. व्हरांड्यात किंवा आवारातल्या पत्र्याच्या शेडखाली सामान मांडलेले असते आणि प्रत्येक नगाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर दाव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा अंमलबजावणी कर्मचारी, यादी वाचतो, सुरुवातीची किंमत सांगतो, मग बोली चढत जाते आणि थांबली की "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून शेवटच्या बोलीवाल्याचे नाव लिहितो. वस्तूची किंमत तिथल्या तिथे, किंवा अधिकारी सांगेल तितक्या लगेच, भरावी लागते. न भरल्यास वस्तू पुन्हा बोलीला लागते. पैसे भरून पावती मिळाली, की विक्री कायम झाली. ती पावती जपून ठेवावी. लिलावाच्या कामाशी संबंधित कर्मचाऱ्याला स्वतः बोली लावता येत नाही, आणि हुकूमनामा मिळवणाऱ्यालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. हे नियम इतके स्पष्ट आहेत, की त्यांचा भंग झाल्यास तिथल्या तिथे न्यायाधीशांकडे अर्ज देता येतो.

आता आपला तिसरा प्रश्न. होय, नेहमीचे व्यापारी रिंग करतात. चार-पाच जण एकमेकांविरुद्ध बोली न लावता एकालाच पुढे करतात, वस्तू पडेल भावात घेतात आणि नंतर चहाच्या टपरीवर आपसात पुन्हा बोली लावून वरचा फायदा वाटून घेतात. नवखा माणूस दिसला की त्याला घाबरवण्यासाठी एखाद्या वस्तूची किंमत मुद्दाम भलतीच चढवून त्याच्या गळ्यात मारतात. यावर एकच उपाय आहे: बाजारात त्या वस्तूचा जुना भाव काय आहे तो आदल्या दिवशी काढावा, आपली वरची मर्यादा कागदावर लिहावी आणि बोली त्या मर्यादेला पोहोचताच गप्प व्हावे. दोन-तीन लिलावांना आपण दिसू लागलो आणि हातघाईवर येत नाही हे कळले, की तेच व्यापारी "साहेब, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, त्यावर आम्ही नाही बोलत" असे म्हणू लागतात. माझ्या मते त्या वाटाघाटीत पडू नये. ती रिंगच असते, फक्त आपल्याला आत घेतलेले असते.

लोंढा_पॅसेंजर यांनी लिहिले:

रेल्वेविषयी थोडक्यात. बेळगाव स्थानक दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येते. पार्सल कार्यालयात पडून राहिलेला, कोणी सोडवून न नेलेला माल १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे विकण्याचा अधिकार रेल्वेला आहे. व्हिडिओतल्या साठवणखोलीच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार आपल्याकडे हाच. मात्र त्यात घरगुती सामान किती निघेल याचा भरवसा नसतो. कापडाचे गठ्ठे, यंत्रांचे सुटे भाग, क्वचित एखादी दुचाकी. चौकशी पार्सल कार्यालयातच करावी. रेल्वेचे भंगार, जुने लोखंड, जुन्या लाकडी वस्तू यांचे लिलाव आता रेल्वेच्या आयआरईपीएस या संकेतस्थळावर होतात आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते. तिथले ढीग मोठे असतात. एका घरासाठी ते परवडत नाहीत.

सरकारी कार्यालयांचे जुने सामान आणि वाहने एमएसटीसी या पोलाद मंत्रालयाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर, तसेच जेम या सरकारी खरेदी संकेतस्थळाच्या लिलाव विभागात दिसतात. कॅन्टोन्मेंटच्या आणि लष्करी आस्थापनांच्या विक्रीच्या जाहिराती वर्तमानपत्रातही येतात. पोलीस ठाण्यातील बेवारस वस्तूंसाठी दंडाधिकारी जाहीरनामा काढून सहा महिने हक्कदाराची वाट पाहतात, मग त्या विकल्या जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ५०३ आणि ५०४ मध्ये आहे. तिथे मुख्यतः दुचाकीच असतात.

चोर्ला घाट उतरून गोव्याला जाण्याची तयारी असेल, तर मुरगाव बंदराकडेही लक्ष ठेवावे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे उतरवल्यापासून ३० दिवसांत सोडवून न नेलेला आयात माल नोटीस देऊन विकता येतो. पण तो कंटेनरच्या हिशेबाने विकला जातो, एकेका नगाने नव्हे.

निपाणी_नाका यांनी लिहिले:

आम्हा सीमेवरच्या लोकांना एक सोय आहे, तिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी येथील लिलाव निपाणी किंवा संकेश्वरहून बेळगावपेक्षाही जवळ पडतात. महाराष्ट्रात सहकारी संस्थांची वसुली १९६० च्या कायद्याच्या कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे होते आणि नोटिशीवर "वसुली व विक्री अधिकारी" असे मराठीत स्वच्छ लिहिलेले असते. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत या नोटिसा आतल्या पानांवर दाटीवाटीने छापलेल्या असतात. बेळगावात तरुण भारत, पुढारी आणि एखादे कन्नड दैनिक, तर इकडे कोल्हापूर आवृत्ती, असे दोन्ही बाजूंचे वाचन ठेवले तर काही निसटत नाही. वाचनालयात बसून आठवड्याची पाने एकदम चाळली तरी चालते.

बँकांनी ताब्यात घेतलेल्या मालमत्तेसाठी बँकनेट हे संकेतस्थळ २०२५ च्या सुरुवातीला सुरू झाले आहे आणि त्यावर जिल्ह्याप्रमाणे शोध घेता येतो. तिथे मुख्यतः घरे, भूखंड आणि यंत्रे असतात. घरगुती वस्तू मिळणार नाहीत, पण बंद पडलेल्या हॉटेलची इमारत आतल्या सामानासह निघाली आहे का, हे पाहण्यासारखे असते. सोन्याच्या लिलावांच्या जाहिराती सर्वांत जास्त दिसतात, पण त्या या धाग्याच्या विषयाबाहेरच्या आहेत.

सीमा ओलांडताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. दुचाकी किंवा टेम्पो लिलावात घेतला, तर कागदपत्रे लिलाव कोणी केला त्यावर ठरतात. सरकारी लिलावात घेतलेल्या वाहनासाठी नमुना ३२ चा अर्ज ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. वित्तसंस्थेने ओढून आणलेल्या वाहनाची नोंद आधी नमुना ३६ प्रमाणे तिच्या नावावर झाली आहे का, ते पाहावे. वाहन दुसऱ्या राज्याच्या क्रमांकाचे असेल तर नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय सगळे पैसे देऊ नयेत. इकडे केए-२३, तिकडे एमएच-०९, आणि मध्ये आपण लोंबकळत, असे झालेले लोक निपाणीत पैशाला पासरी सापडतील.

दुसरी गोष्ट लाकडाची. तयार कपाट, पलंग यांचा प्रश्न येत नाही. पण पाडलेल्या वाड्याचे सागवानी खांब, तुळया, चौकटी असा सुटा माल असेल तर तो हलवण्यापूर्वी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे आणि वाडा कोणाचा, कधी पाडला, याचे लेखी पत्र सोबत ठेवावे. खानापूर आणि हल्याळ भागात वनखात्याचे नाके आहेत आणि तिथे तोंडी खुलासा चालत नाही.

दिवाणी_दावा यांनी लिहिले:

निपाणीकरांच्या माहितीत एक भर घालतो. अलीकडे मोबाईलवर "सीमाशुल्क लिलाव", "बँकेने ओढून आणलेले फ्रीज निम्म्या किमतीत" असे संदेश फिरत आहेत आणि त्यात युपीआयवर आगाऊ रक्कम मागितली जाते. खऱ्या लिलावातही अनामत भरावी लागते, पण ती नोटिशीत छापलेल्या संस्थेच्या बँक खात्यात किंवा संकेतस्थळावरील पाकिटात भरली जाते, एखाद्या व्यक्तीच्या मोबाईल क्रमांकावर नव्हे. वस्तू प्रत्यक्ष पाहू देत नाही तो लिलाव नाही, एवढे सूत्र धरले तरी पुरे. नोटीस खरी आहे का हे पाहण्यासाठी त्यात दिलेला क्रमांक फिरवू नये; त्या शाखेत किंवा कार्यालयात स्वतः जावे.

टिळकवाडीकर यांनी लिहिले:

इतकी नेमकी माहिती मिळेल असे वाटले नव्हते. बेवारस साठवणखोलीचा नाद सोडून दिला आहे. कपाटे आणि पितळ वाड्यांतून, खानावळीचे सामान सहकारी संस्थांच्या लिलावातून आणि लोखंडी कपाटे न्यायालयातून, असे ठरवतो. दोन सुतारांना आजच सांगून ठेवले. एकच शंका उरते: घेतलेले सामान उचलण्यासाठी किती मुदत देतात आणि जांबोटीपर्यंतचा खर्च कसा धरावा?

चिकोडी_रोड यांनी लिहिले:

मुदत नोटिशीत लिहिलेली असते आणि ती फार कमी असते. त्यानंतर जागाभाडे लावतात किंवा अनामत जप्त करतात, म्हणून टेम्पो ठरवूनच बोलीला उभे राहावे. छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, दोन कपाटे आणि एक पलंग नीट बसतो. त्याहून अधिक असेल तर मोठी गाडी एकदाच करावी. भाडे, हमाली, ताडपत्री आणि सुताराचा दुरुस्तीचा खर्च बोलीच्या मर्यादेतून आधी वजा करावा, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. हमाल मात्र लिलावाच्या जागी उभे असतात त्यांनाच घ्यावेत, आपले नेल्यास तंटा होतो.

शहापूरवाली यांनी लिहिले:

सागवानी पलंग कधीही जोडलेला नेऊ नका. जागेवरच खोलून घ्या, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूने एकच आकडा घाला, खुंट्या आणि बोल्ट पिशवीत भरून ती पिशवी त्याच पलंगाच्या पायाला बांधा. जुन्या पलंगांच्या खुंट्या हाताने तासलेल्या असतात आणि एकाची दुसऱ्याला बसत नाही. जांबोटीच्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर सामान नेणे टाळता आले तर टाळावे. न्यावेच लागले तर घरात नेल्यावर आठवडाभर भिंतीपासून हातभर दूर ठेवावे आणि मगच पॉलिशवाल्याला बोलवावे.